हिरवळीवर पाय नको

घरामागच्या हिरवळीला पार टक्कल पडलं होतं. सुट्टीत नातवंडं तिथेच लोळायची, म्हणून शिंपीकाकांनी कंबर कसली. काकू गेल्यापासून घरात तसंही दुसरं होतं कोण? दगडासारखी घट्ट झालेली माती त्यांनी लोखंडी काट्यानं, टाके घालावेत तशी, ओळीनं टोचून भुसभुशीत केली. भोकांत वाळू आणि खत सारलं, वरून गवताचं बी पेरलं आणि रोज झारीनं हलक्या हातानं पाणी घातलं.

नुकते कुठे कोंब फुटले, तोच लेकीचा फोन आला.

"बाबा, रविवारी पोरांना घेऊन येतेय."

"अगं, आत्ता नको. कोवळं आहे, तुडवतील. महिन्याभरानं या, मग मनसोक्त लोळू देत."

"बघा हं. नंतर मला जमेलच असं नाही."

"जमव गं कसंही."

महिन्याभरात हिरवळ दाट झाली. काकांनी हौसेनं फोन लावला.

"शाळा सुरू झाली, बाबा. आता पुढच्या सुट्टीत बघू."

संध्याकाळी शेजारीणबाई कुंपणावरून डोकावल्या. "काका, गालिचाच की हो हा! कुणी पाऊलसुद्धा ठेवलेलं दिसत नाही."

"मीच ठेवू दिलं नाही," काका म्हणाले आणि झारी भरायला वळले.