मागच्या अंगणातले वाफे

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत कुणाला काही लिहून हवं असलं की लोक लताबाईंचं दार वाजवत. नोटांच्या प्रेसमधून कुणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, पेपरात द्यायची श्रद्धांजली, सगळं त्यांच्या हातचं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या. नोकरी केली नाही, पण पेन वाळू दिलं नाही. लिहायला बसण्याआधी त्या एवढंच विचारत, "वाचणार कोण?" आजोळची माणसं वाचणार असतील तर मामाचं नाव ठसठशीत, ऑफिसातली वाचणार असतील तर हुद्दा आधी.

दोन हजार सहा साली त्यांची भाची मनीषा आली. ती घरातल्याच एका खोलीत वेबसाइट बनवून देण्याचं काम करायची.

"आत्या, देवळाली कॅम्पजवळ एक वृद्धाश्रम आहे, त्यांच्या साइटसाठी मजकूर हवाय. टार्गेट ऑडियन्स म्हणजे परदेशात गेलेली मुलं."

"टार्गेट काय गं? देवळालीच्या तोफखान्यातून तोफा डागायच्यात का?"

हसून झालं आणि लताबाई स्वतः आश्रम बघून आल्या. खोल्या स्वच्छ, जेवण घरच्यासारखं. तिथली व्यवस्था बघणारा ललित त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेला. मोकळी जागा होती. "इथं भाजीचे वाफे करणार आहोत, काकू. पाण्याची लाइन आली की लगेच."

घरी येऊन त्यांनी कागद पुढ्यात ओढला. वाचणारी मुलं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती. मखमलाबाद, गंगापूरच्या मळ्यांतून शिकून अमेरिकेला गेलेली, आईचे चिखलाने भरलेले पाय अजून आठवणारी. त्यांनी लिहिलं, 'मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत. उन्हं वर यायच्या आत आजी पाणी फिरवतात आणि हाताला मातीचा वास घेऊनच चहाला येतात.' 'करणार आहोत' म्हटलं असतं तर वाक्य पांगळं झालं असतं. वाचता वाचता मनीषाचा आवाज ओला झाला. परदेशातून आश्रमाला फोन येऊ लागले. लताबाईंना आतून फार बरं वाटलं. त्यांचं लिखाण कॉलनीच्या बाहेर कधी गेलं नव्हतं.

दिवाळीनंतर साइटवर आणखी एक पान वाढवायचं ठरलं, म्हणून त्या पुन्हा आश्रमात गेल्या. खिडकीजवळच्या कॉटवर एक नवी म्हातारी पिशवी सोडत बसली होती. मखमलाबादच्या चतुराबाई. उभा जन्म भाजी पिकवून बाजारात विकलेली बाई. दोन लुगड्यांच्या मधून तिनं खुरपं काढलं, मग चिंधीत बांधलेलं मेथीचं बी.

"बाई, वाफं कुठल्या अंगाला हायेत?"

"कसले वाफे, मावशी?"

"आवो, माझ्या लेकानं, सुयशनं, कम्प्युटरवर वाचून दावलं ना! मी कुठं येत व्हते? म्हनलं, परक्याच्या दारात नाय मरायचं. मंग त्यानं वाचलं, म्हाताऱ्या पानी फिरवत्यात, हाताला मातीचा वास. म्हनलं, हे लिवनाऱ्याला मातीतलं कळतंय. चल बाबा, सोड मला तिथं."

लताबाई कॉटच्या कडेला टेकल्या. "मावशी, ते मी लिहिलंय."

चतुराबाईंचा चेहरा एकदम खुलला. "तुमी? मंग तुमीच दावा की!"

लताबाईंनी त्यांचा हात धरला आणि त्यांना मागं नेलं. पाण्याची टाकी, मोडक्या खाटा, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. चतुराबाई खाली बसल्या, खुरपं मारलं. खण्णकन वाजलं.

"मुरूम हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हितं गवत बी नाय यायचं."

लताबाई तडक ऑफिसात गेल्या आणि त्यांनी ललितला वाफ्यांची ओळ काढायला सांगितलं.

"काकू, त्या ओळीवरच तर लोक फोन करतात," ललित म्हणाला. "उन्हाळा झाला की करूच ना वाफे."

"मग उन्हाळा झाल्यावर लिहू."

त्या परत कॉटपाशी आल्या तेव्हा चतुराबाई बी पुन्हा चिंधीत बांधत होत्या.

"मावशी, ती ओळ मी आजच काढायला लावते. आणि तुमच्या मुलाला फोन करून खरं काय ते सांगते. तो तुम्हाला घेऊन जाईल."

"कुठं नेईल? वावराचं प्लॉट झालं, घर इकलं. तिकडं अमेरिकेत त्याच्याकडं ऱ्हाऊन आले मी, दिसभर काचंच्या खिडकीत. लय जीव लावतो, पन त्याचं बी काय चालतं तिथं?" त्यांनी गाठ आवळली. "हितून जाताना रडत व्हता पोरगा. वाफं हायेत म्हनून तरी गेला. त्याला सांगू नगा."

"आणि बाकीच्यांचं काय? उद्या आणखी कुणी खुरपं घेऊन आलं तर?"

चतुराबाईंनी चिंधी पिशवीत ठेवली. "त्यांच्यासाठी काढा," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचं मी बघते."

"पण त्यानं परत साइट बघितली तर?"

"आता कशाला बघतोय? मला सोडून झालं की."

त्याच दिवशी मनीषानं ती ओळ काढली. ललितनं नव्या पानाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि लताबाईंनीही विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी मात्र त्या आश्रमात गेल्या. व्हरांड्यातल्या फोनजवळ चतुराबाईंशेजारी बसलेल्या असतानाच सुयशचा फोन आला.

"हां, बरी हाय रं. जेवले... मेथी? टाकली ना! आत्ता कुठं दोन पानांवर हाय... नाय नाय, थंडी हाय, जोम धरंल. हितल्या बायांना पानी कसं सोडायचं ते दावते, त्यांना काय बी येत नाय... हां. तू नीट जेव बाबा."

रिसीव्हर ठेवून त्यांनी तो पदरानं पुसला. मग लताबाईंच्या अगदी जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

"मेथीला महिना तर लागतोच. त्याला ठावं हाय, मळ्यातलाच पोरगा हाय तो. म्होरल्या रविवारी निसती खुरपनी सांगते, काय?"

लताबाईंनी होकारार्थी मान हलवली.