चांगलं न बोलणारे मॅनेजर

मुरबाडच्या एका लॉजचे मॅनेजर हे ठाणे जिल्ह्यातले सर्वांत निराश गृहस्थ होते. जिल्हा मी भीतभीतच म्हणतो. राज्य म्हटलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. सकाळी सूर्य उगवला तर तो आज फार तापणार म्हणून ते काळजीत पडत, आणि ढगाआड राहिला तर वाळत घातलेल्या चादरींच्या काळजीत पडत. लॉजच्या काउंटरमागे लाकडी खुर्चीत, गळ्याला मफलर गुंडाळून, एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखे ते बसलेले असत. नवं गिऱ्हाईक दारात आलं की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा नाही. 'अरेरे, हाही आला का इथं' अशी कणव मात्र स्पष्ट दिसायची.

मी भातगिरण्यांची यंत्रं दुरुस्त करतो. भात कापून घरात आलं की शहापूर-मुरबाडकडच्या गिरण्या धडधडायला लागतात, आणि त्याआधी त्यांचे रबरी रोळ, चाळण्या, पट्टे बघून घ्यायला मला मिरजेहून यावं लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, "खोली मिळेल का?"

"हाय तशी," मॅनेजर म्हणाले. "पण तुमाला आवडायची नाय."

"गरम पाणी आहे?"

"गिझर हाय. चालतो. पण चालणारी वस्तू कवा बंद पडंल सांगता येत नाय. त्यापेक्षा बंद पडलेली बरी, तिची काय भीती नाय."

मी किल्ली घेऊन वर गेलो, तर खोली लख्ख. चादरीला उन्हाचा वास. सकाळी उठून दार उघडतो, तो उंबऱ्याशी झाकण ठेवलेली कढत पाण्याची बादली. गिझर खरोखरच बंद पडला होता आणि मॅनेजरांनी पहाटे उठून चुलीवर पाणी तापवलं होतं. खाली जाऊन आभार मानले, तर म्हणाले, "आज मिळालं. उद्याचं कोण सांगतो."

असं त्यांचं सगळंच. लॉजच्या मागे त्यांनी दुधीचा वेल लावला होता. बी पेरतानाच त्यांनी जाहीर केलं होतं की हे उगवायचं नाही. उगवलं, तेव्हा म्हणाले की फुलायचं नाही. फुललं, तेव्हा फुलं गळणार होती. शेवटी दुधी इतके लागले, की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात ते एकेक देत आणि वर सांगत, "कडू निघाला तर फेकून द्या." क्रिकेटचा सामना ते आपण हरत असलो तरच बघायचे. आपण जिंकायला लागलो की टीव्ही बंद करून मागच्या अंगणात जाऊन बसायचे. पुढचं बघवणार नाही म्हणायचे. कुणी शहापूरच्या एसटीची चौकशी केली, तर उत्तर यायचं, "टाइमावर हाय. म्हंजे पुढं कुठंतरी पंक्चर होणार." एकदा देवदर्शन करून परतणारं नवं जोडपं उतरलं होतं. त्यांना मॅनेजरांनी कोपऱ्यातली सगळ्यात चांगली खोली दिली आणि म्हणाले, "खिडकी उघडी ठेवा, डोंगर दिसतो. तेवढाच काय तो टिकाऊ." नवरीचा चेहरा पडला. पण रात्री जेवणात त्या दोघांना गोडाचा शिरा होता, तो मी पाहिला आहे. आम्हा बाकीच्यांना नव्हता.

म्हसा गावच्या जत्रेतून ते दरवर्षी एक घोंगडी आणायचे. "ही शेवटची," असं म्हणून आणायचे, "पुढल्या वर्साला कोण बघतंय." त्या शेवटच्या घोंगड्यांची थप्पी लॉजच्या माळ्यावर छताला टेकली होती.

लॉजच्या स्वयंपाकघरात एक मावशी होत्या. टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरून यायच्या. मॅनेजर बोलायला लागले की त्या तव्यावरची भाकरी जरा जोरात आपटायच्या. मला एकदा म्हणाल्या, "त्यांचं नका ऐकू, भाऊ. तोंड कडू, हात गोड."

तर त्या वर्षी मी गेलो तो नीट मनाने गेलोच नव्हतो. आदल्या उन्हाळ्यात माझी बायको गेली होती. मूलबाळ नाही. घर बंद करून कामाला निघालो, की परत कधी यायचं हे ठरवावंसं वाटायचं नाही. किन्हवलीच्या गिरणीत पट्टा बसवता बसवता अंग मोडून आलं. एसटीत बसलो तेव्हा डोळ्यांमागे कुणीतरी हातोडी मारत होतं. लॉजच्या काउंटरवर पोचलो आणि किल्ली हातातून खाली पडली.

मॅनेजरांनी ती उचलली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हे लक्षण काय बरं नाय, साहेब."

त्यांच्याशी माझं एकमत झाल्याची ती पहिली वेळ.

डॉक्टर आले. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि डेंगू निघाला. त्या सुमारास गावात घरोघर हेच होतं, दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. डॉक्टर म्हणाले, इथेच पडून राहा, पाणी भरपूर प्या, रोज रक्त बघू. पेशी फार उतरल्या तर कल्याणला न्यावं लागेल. मॅनेजर दारात उभं राहून सगळं ऐकत होते, शिक्षा ऐकणाऱ्या आरोपीसारखे.

"घरी कुणाला कळवू?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"कुणी नाय म्हणणारे लय बघितले. मेल्यावर गाड्या भरून येतात."

थंडी वाजून यायला लागली, तेव्हा माळ्यावरच्या घोंगड्या उतरल्या. एकीवर एक घालून मॅनेजरांनी माझा डोंगर करून टाकला. मग आपली लाकडी खुर्ची काउंटरमागून उचलून आणून माझ्या दारात ठेवली आणि तिथूनच लॉज चालवायला लागले. गिऱ्हाईक आलं की जिन्यावरूनच ओरडायचे, "खोली नाय. असली तरी घेऊ नका, हितं साथ हाय." मालकाला हे कळलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे.

मावशी पेज करून आणायच्या. मऊ, मिठाची, वर थोडं तूप. मॅनेजर वाटी माझ्या हातात देताना सांगायचे, "उलटून पडंल." आणि स्वतःच्या हातात बादली धरून उभे राहायचे. ती खरोखर उलटून पडायची. ते बादली धुऊन आणायचे आणि मावशींना म्हणायचे, "आणखी द्या. ही पण पडंल." दुपारी पपईच्या पानांचा रस यायचा. कडूजहर. "डॉक्टर बोलतो ह्यानं काय होत नाय. माझं पण तेच मत हाय. प्या." शहाळं आणून ठेवायचे, "हे कोवळं नसणार" म्हणून, ते कोवळंच असायचं. माझं लक्ष लागावं म्हणून कालचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, पण त्यातल्या फक्त अपघातांच्या आणि आगींच्या बातम्या. बाकीचं खोटं असतं असं त्यांचं म्हणणं होतं.

मला खरं सांगायचं तर बरं होण्याची घाईच नव्हती. पंख्याकडे बघत पडून राहायचो. वाटायचं, हे असंच हळूहळू विझत गेलं तर काय वाईट? मिरजेच्या घरात दोन माणसांची भांडी होती, दोन खुर्च्या होत्या, कपाटात तिच्या साड्या होत्या. परत जाऊन त्यांच्याशी काय बोलायचं? एका दुपारी अंगात इतकी कळ होती की मी उघडच म्हणालो, "मॅनेजर, मेलो तरी चालेल आता."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुमाला चालंल. माझ्या लॉजवर नाय चालायचं."

मग त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. खाली मावशी भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"आमची मंडळी पण असंच बोलली होती," ते म्हणाले. "तिच्या पोटात गाठ होती. मी रोज तिला सांगायचो, चांगलं होल. सगळ्यांना सांगत फिरलो, चांगलं होल. देवळात बोललो, डॉक्टरला बोललो. तवा मी लय चांगलं बोलायचो, साहेब. पोरगा हसायचा मला, बाबा तुमी नुसते गोड बोलता म्हणून. आन ती गेली. तवापासून मी तोंडातनं चांगला शब्द काढत नाय. चांगलं बोललं की कोणतरी ऐकतं आन हिसकावून नेतं."

त्यांनी उठून घोंगडी माझ्या पायांवर सारखी केली आणि पपईचा रस पुढे केला. "प्या. काय उपेग नाय तरी."

दुसऱ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "आता थांबू नका. कल्याणला न्या." मॅनेजरांनी ओळखीच्या माणसाची गाडी बोलावली. लॉजच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा मावशींच्या हातात ठेवला. लॉज सोडून ते बाजाराच्या पलीकडे कधी गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

गाडीत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रस्त्यावर मागे पळणारी झाडं उलटी दिसत होती आणि तोंडात रक्ताची चव होती. त्या वेळी, आयुष्यात पहिल्यांदाच, मला मरायची भीती वाटली. मी त्यांचा सदरा घट्ट धरला. मॅनेजर खाली वाकले आणि म्हणाले, "काय नाय होणार, साहेब. बरं होल."

बोलले, आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. आपल्या हातून केवढा अपराध घडला हे त्यांच्या ध्यानात आलं. तिथून पुढे, रायत्याचा पूल ओलांडून थेट कल्याण येईपर्यंत, तो माणूस आपलेच शब्द पुसत राहिला. "तसं काय सांगता येत नाय. डॉक्टर जाग्यावर नसंल. असला तरी खाट नसंल. खाट मिळाली तर रक्त मिळायचं नाय. गाडीचं टायर पण बघा ना, गुळगुळीत झालंय. आपण पोचू असंच वाटत नाय मला." गाडी चालवणारा चिडून म्हणाला, "काका, जरा चांगलं बोला की." मॅनेजर त्याच्यावर खेकसले, "तू गप. तुला काय समजतं?" मला सगळं कळत होतं. हसू येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दवाखान्यात खाट मिळाली, डॉक्टर होते, रक्तपेशीही मिळाल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"मॅनेजर."

"म्हणजे नातं काय?"

मॅनेजर विचारात पडले. "भाऊ धरा," ते म्हणाले. "तसा भाऊ असून पण काय उपेग असतो म्हणा."

मी बरा होईपर्यंत ते तिथे खुर्चीत बसून राहिले. बरा होत असल्याचं त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मला मिरजेच्या गाडीत बसवून दिलं, तेव्हा मी वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद देण्याऐवजी सांगितलं, "जपा. हा ताप परत येतो बोलतात."

त्यानंतर दर हंगामाला मी त्यांच्याकडेच उतरायचो. मग एके वर्षी लॉजला कुलूप दिसलं. मालकाने जागा विकली होती. दुधीच्या वेलावर खडीचा ढीग पडला होता. मावशी बाजारात चहाच्या टपरीवर काम करत होत्या, त्यांनी सांगितलं की मॅनेजरांच्या अंगावरून वारा गेला. मुलाने वाशिंदला आपल्या घरी नेलंय. "जाऊन या, भाऊ," त्या म्हणाल्या. "बोलता येत नाय त्यांना आता."

वाशिंदला एका नव्या इमारतीत ते पलंगावर होते. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. मला बघून डोळे हलले. सूनबाई त्यांना औषध पाजता पाजता म्हणाली, "डॉक्टर काका म्हणतात, सुधारणा आहे. हो ना, बाबा? मस्त चालायला लागणार आहात तुम्ही." मॅनेजरांच्या डोळ्यांत घबराट उठली. त्यांना ते शब्द पुसायचे होते, आणि जीभ हलत नव्हती.

मी स्टूल ओढून बसलो. "यंदा भाताचं काही खरं नाही, मॅनेजर," मी सुरुवात केली. "लोंब्या दिसतात, पण आत दाणा नसणार, नुसतं पळंज. गिरण्यांची यंत्रं तर यंदा मोडतीलच. मावशींचा चहा बरा आहे, पण ती टपरी काही टिकायची नाही." बोलत राहिलो. एसटी, वीज, खर्डीकडचे रस्ते, माझे गुडघे, कशाचंही भलं होईल असं मी ठेवलं नाही. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. डोळे मिटून ते ऐकत राहिले, लहान मुलाला अंगाईने यावी तशी स्वस्थता चेहऱ्यावर आली.

मी निघालो तेव्हा सूनबाई दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना इतक्या वर्षांपासून ओळखता. बरे होतील ना हो?"

होतील, हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तिला तेवढा एकच शब्द हवा होता, आणि मलाही तो द्यायचा होता. मी तो गिळला. "कठीणच दिसतंय," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, ते 'पुन्हा या घरात पाऊल ठेवू नका' असंच. तिला काय आणि कसं समजावणार? मी चपला घातल्या आणि जिना उतरायला लागलो. तिने लावलेल्या दारामागून मला तिचं रडू ऐकू येत होतं. खाली पोचेपर्यंत मी स्वतःशी तेच म्हणत राहिलो, कठीण आहे, फार कठीण आहे. कुणीतरी ऐकत असेलच, तर त्याने एवढंच ऐकावं म्हणून.