कडुलिंबाची पेटी

मी मरायला तयार हुते. अडचन एकच, माझ्या पेटीत गहू हुता.

पेटी म्हंजे आमा ख्रिस्ती लोकांची, मातीत पुरायची. आमचे मालक गेले तवा घाईघाईत खोक्याच्या फळ्यांची केल्ती. कब्रस्तानाच्या वाटंवर तिचं बूड कुरकुरलं, अन् चौघांनी खालून हात लावला. (जित्तेपनी एकाचा हात लागला न्हाई!) तवाच ठरिवलं, आपली पेटी आपन आधीच करायची. परड्यातला कडुलिंब पाडला, सुताराला माप दिलं. ऊस तोडून तोडून मी वाळल्याली, उनात उभी राहिले तरी सावली पडंना! सुतार म्हनला, "मावशी, लाकूड लई उरलं." त्याचे त्यानं घरला पाट केले.

पेटी मागल्या खोलीत ठिवली, तर सुनंनं, रूथनं, तिच्यात गहू भरला.

"आत्याबाई, कडुलिंबात किडा हुत न्हाई."

"अगं, ती माझी हाय!"

"मंग तुमी कुटं आजच चाललाय?"

यंदा छातीत कळ आली. डाक्टर म्हनला, घरी न्या. झालं! शेवगावपासनं सोयरे गोळा झाले. भिंगारची ननंद तर पांढरं लुगडं नेसूनच आली, उंबऱ्यातच रडाया लागली. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर अन् द्राक्षरस दिला, उशाला बसले.

"बाई, तयारी झाली का?"

"माझी झाली. पेटी तेवढी रिकामी करा."

कशात करायची? (वीस मानसं आली, पोतं एकानं आनलं न्हाई!) माझा ल्योक दाविद म्हनला, "दळून आना. पावन्यांला चपात्या करा." मंग काय! सकाळी प्रार्थना, दुपारी चपात्या, सांजच्याला गीतं अन् परत चपात्या. माझ्यासाठी रडता रडता दोन-दोन वाढून घ्यायचे. ननंद मलाबी भरवायची, "खा गं वैनी, शेवटचा शिरा." असला शेवटचा शिरा मी तीन आठवडे खाल्ला!

गहू संपला, अन् माझी कळबी गेली. ननंदंचं तोंड उतरलं.

"म्हंजे आता न्हाई व्हय?"

मलाबी राग आला. म्हनलं, एवढी रिकामी झालीच हाय, तर निजून बघते. गेले आत. खांदं मावलं. कंबर घातली, अन् बसली की पाचर! दाविदनं हात वढले, तर माझ्यासंगं पेटीबी वर यायला लागली. तेवढ्यात शेजारची दूध घिऊन आली. मी पेटीत, भवती सगळे, अन् ननंदंनं सवयीनं गीत धरल्यालं! शेजारनीनं तांब्या टाकला, "गेली गं बाई!"

"गेली न्हाई, अडकलीय!" मी आतून वरडले. तर तीच आडवी झाली.

सुताराला बोलावलं. त्यानं एक बाजू उचकटली, मला काढलं, वर मलाच सुनावलं, "माप बरोबर हुतं मावशी. तुमीच वाढला."

परवा पाळकसाहेब भेटले. "बाई, तयारी कशी हाय?"

म्हनलं, "कशाची तयारी, साहेब! पेटी परत जोडली, रूथनं परत गहू भरला. आता तो खाल्ल्याबिगर पेटी रिकामी हुत न्हाई, अन् खाल्ला की मी मावत न्हाई!"