बोडकं नाव

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकाच्या हँडबिलावर प्रत्येक नावापुढे काहीतरी छापतातच: हास्यसम्राट, पेटीमास्तर, पेंटर. मी बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला होतो. गावच्या नाटकाचे पडदे रंगवायचो, पेटी वाजवायचो, गाणीही लिहायचो. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ, तुमच्या नावापुढे काय टाकू? एकच सांगा."

एकच म्हणे! मला घाम फुटला. 'एक ना धड, भाराभर चिंध्या,' असं बाबा नेहमी मला सुनावायचे.

"नुसतं नाव टाका," मी म्हणालो.

हँडबिल आलं. माझं एकट्याचं नाव बोडकं. शेजाऱ्याने बाबांना विचारलंच, "तुमचा पोरगा काय करून राह्यला नाटकात?"



बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जिथी अडते, तिथी तोच लागते."