चाळीस नळ्या

माजलगाव रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये पांढऱ्या सिरॅमिकच्या सच्छिद्र नळ्या बनतात. साखर कारखान्याच्या प्रेसमडचा, म्हणजे उसाच्या रसातून निघालेल्या गाळाचा, गॅस या नळीत दाबाने सोडला की कार्बन डायऑक्साइड भिंतीतल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो आणि जळणारा मिथेन आत उरतो. भट्टी जास्त तापून छिद्रं बुजली तर नळी आणि काठी सारखीच.

ते तपासायला यंत्र असतं. आमच्याकडे मावशी होती. ऊसतोडीतून मीच तिला आणली, मीच शिकवली. भट्टीतून निघालेल्या नळीच्या टोकाला ती जीभ लावायची. उघडी छिद्रं ओल शोषतात; जीभ चिकटली तर पास, घसरली तर नापास.

नव्या गॅस प्रकल्पाचे इंजिनिअर पहिली खेप बघायला आले. चाळीस नळ्या. त्या पसंत पडल्या तरच वर्षभराचं काम मिळणार होतं. मी चहा मागवला, नळीच्या दराचं बोलणं काढलं. साहेब हळूहळू दर वाढवत होते, तेवढ्यात मावशीनं सवयीनं एक नळी उचलली.

"मालक, चिकटंना की. भट्टी लई तापली वाटतंय."

भट्टीचा तापमापक मी मांजरसुंब्याच्या भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणला होता. तो कमी दाखवतो, हे मागाहून कळलं. पण म्हणून गिऱ्हाइकासमोर बोलायचं?

"एकीवरनं काय कळतंय?" मी म्हणालो. "चाळीसच्या चाळीस चाट."

"साहेबाम्होरं कावून, मालक..."

"लई कळतंय न तुला? चाट."

कापलेल्या कडा धारदार असतात. विसाव्या नळीपासून टोकांवर लाल ठिपके दिसायला लागले. साहेब म्हणाले, "राहू द्या." मी "पुढची" म्हणत राहिलो. एकदा तरी तिनं 'चिकटली' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. शेवटची नळी ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"एक बी न्हाई, मालक."

"उद्यापासून कोयता धर," मी म्हणालो. साहेबांनी चहाला हात लावला नाही.

पुढे नवा तापमापक बसवला, भाव पाडला, तीनदा नमुने नेले, तेव्हा कुठे काम मिळालं. तेही निम्मं. आणि प्रकल्पाच्या गेटवर माल तपासायला साहेबांनी ठेवलं ते तिलाच. मी शिकवलेलीला.

नियमानं दहातली एक नळी बघायची असते. ती माझी प्रत्येक नळी उचलते. माझा टेम्पो दुपारपर्यंत उन्हात उभा, मी त्याच्या बाजूला.

"दहात एक बघायचा नियम हाय न, मावशे?" परवा मी शक्य तितक्या गोडीनं विचारलं.

तिनं पुढची नळी जिभेला लावली, सावकाश काढली.

"एकीवरनं काय कळतंय, मालक?"