माणिक नव्हे, लालडी

प्रा. कुमुदिनी चौधरी यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात होतं. त्यांच्या एकसष्टीच्या या ग्रंथात विद्वान मंडळी त्यांच्या संशोधनाविषयी लिहितीलच. मी एका अंगठीपासून सुरुवात करते, कारण ती आजही माझ्या बोटात आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. शिंदखेड्याच्या सासरकडून साखरपुड्यात मला माणकाची अंगठी घातली गेली. ती सैल होत होती म्हणून मामांनी जळगावच्या एका सराफाला दाखवली. तो म्हणाला, "हे माणिक नव्हे. काच असेल." झालं! मामांनी घर डोक्यावर घेतलं. सासूबाई धावत जळगावला आल्या. "मनी सासूनी आंगठी शे, खोटी कशी व्हई?" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. शेवटी कुणीतरी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या चौधरी मॅडमचं नाव काढलं आणि दोन्ही घरची माणसं गावातल्याच मेहरूण भागात त्यांच्या दारात उभी राहिली.

विद्यार्थी त्यांना अक्का म्हणत. मीही पुढे तेच म्हणू लागले. अक्कांचा नियम असा, की तपासणी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दगड कुणाचा, किती पिढ्यांचा, काही सांगायचं नाही. मामांना गप्प बसवणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी बोटाएवढी एक नळी काढली. तिच्यातून पाहिलं की दगडातून आलेला प्रकाश दोन चौकटींत शेजारी शेजारी दिसतो. अक्कांनी आधी स्वतःकडचं माणिक धरलं. एका चौकटीत जांभळट लाल, दुसरीत नारिंगी लाल. मग आमचा खडा धरला. दोन्हीकडे एकच लाल. मग सोनाराकडून खडा कोंदणातून सोडवून आणवला आणि आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलला. माणिक पाण्याच्या चौपट जड असतं. हा साडेतीन पटींच्या किंचित वर भरला. भिंगाखाली काचेतले बुडबुडे नव्हते.

"काच नाही, माणिकही नाही," अक्का म्हणाल्या. "ही लालडी आहे, माणकासारखं दिसणारं वेगळं रत्न. अस्सल, खाणीतली."

सासूबाईंनी हात जोडले. "अक्का, माणिक शे म्हणीसन सांगी टाका ना. पोरनं लगीन मोडी जाई."

अक्कांनी ते जोडलेले हात हातात घेतले, पण शब्द बदलला नाही. "आज मी माणिक म्हटलं, तर उद्या दुसरं कुणी तपासेल आणि तुम्ही पुन्हा खोट्या ठराल. तुमच्या सासूबाईंनी कुणाला फसवलेलं नाही. ही दोन्ही रत्नं कित्येकदा एकाच वाळूत सापडतात. जिभेला दोन्ही गार लागतात, उन्हात दोन्ही निखाऱ्यासारखी दिसतात. आपल्याकडे एवढ्यावरच पारख होत आली." मग नळी माझ्या हातात दिली. "घालायची तुला आहे. तूच बघ."

मी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मला हीच हवी." इतका वेळ स्वतःच्या चपलांचं निरीक्षण करणाऱ्या नवरदेवांनी तेव्हा कुठे मान वर केली.

लग्नानंतर मी अक्कांकडेच शिकले आणि पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला लागले. थोरली पोटात असताना मला सूक्ष्मदर्शकावर वाकता येईना. अक्कांनी सुतार बोलावून टेबल उंच करून घेतलं. स्वतः उंचीने बेताच्या, त्यामुळे त्यांचा डोळा भिंगापर्यंत पोहोचेना. मग घरून जेवणाचा पाट आणून त्यावर उभ्या राहू लागल्या. मूल झालं, रांगायला लागलं, तरी टेबल उंचच. "आता खाली घेऊ या," असं मी म्हणाले, तर उत्तर आलं, "राहू दे. पाटावर मला मान मिळतो." त्यांच्या प्रेमाची ही तऱ्हा. रागावणंही तसंच खणखणीत. एकदा मी घाईने वजन चुकवलं, तर सगळ्या वर्गादेखत पुन्हा करायला लावलं.

सासूबाई आता भेटेल त्याला अभिमानाने सांगतात, "आमनी लालडी शे, माणिक नही." आणखी काही वर्षांनी ही अंगठी थोरलीच्या बोटात जाईल. तिच्या सासरचे विचारतील, खडा कसला? त्याचं उत्तर द्यायला, अक्का, आमच्या घरात तुम्हीच पुढे बसलेल्या हव्यात. पोर अजून पाचवीत आहे. तेव्हा डोळे आणि गुडघे दोन्ही जपा; पाट आम्ही आणून ठेवू.