पिंपळझरीचा नकाशा

माधवी रामटेके मूलजवळच्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. जन्म मात्र माजरीकडच्या पिंपळझरीचा. ती दहावीत असताना गाव खाणीत गेलं, माणसं पांगली. त्यानंतर तीस वर्षं ती त्या वाटेला गेली नाही. झोपेत मात्र कधीकधी ती अजून तिथल्याच गल्लीतून शाळेत निघते.

तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरच्या एका प्रशिक्षणात तिची जाहिदा शेखशी गाठ पडली. जाहिदा माजरीच्या बाजूला विज्ञानच शिकवायची. हवामानबदलाचा धडा बर्फातल्या अस्वलापासून सुरू न करता आपल्या अंगणापासून करायचा, असं दोघींनी ठरवलं. मूलची मुलं धानाच्या बांधावर ऊन-पाऊस मोजू लागली. जाहिदाची मुलं खिडकीत पांढरं फडकं बांधून आठवड्याची धूळ पाहू लागली. शनिवारी फोनवर नोंदींची अदलाबदल व्हायची.

यंदा एप्रिलमध्ये जाहिदाचा फोन आला. "पोरांले जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यापाशी नेऊन राह्यली. तुमी बी या ना, बाई."

कोणता ढिगारा, हे माधवीनं विचारलं. तो पिंपळझरीच्या जागेवरचाच निघाला. "येईन," ती म्हणाली.

खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगरच होता तो. मुलांनी उघड्या मातीवर तापमापी ठेवली. एकावन्न. पायथ्याच्या बाभळीखाली अडतीस. आकडे लिहून घेत अरीबा नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, पहिले इथी काय होतं?"

माधवीनं एक काटकी उचलली आणि खाली बसून मातीत रेघा ओढायला लागली. "हे आमचं घर. इकडे बोडी, तिच्यात आमी पोहायचो. हा विहार. आन् इथी मोहाची झाडं, सहा. वैशाखात अख्खं गाव दुपारी त्यायच्या खाली."

"मंग तिथी किती डिग्री असन?"

"कोनी मोजलंच नाई, बेटा."

मुलं वाकून रेघा पाहत राहिली. परतताना जाहिदा म्हणाली, "तुमी मले आधी सांगितलं काऊन नाई?"

"दाखवाले काही उरलंच नाई. काय सांगू?"

निघण्याआधी जाहिदानं मुलांकडून तो नकाशा कागदावर उतरवून घेतला होता. आता दोन्ही शाळांतली मुलं घरच्या म्हाताऱ्यांना विचारतात: सावली कुठे होती, पाणी कुठे होतं, मोह कधी फुलायचा. दोघीजणी त्या उत्तरांतून नवा धडा लिहीत आहेत.

माधवीनं नकाशाचा फोटो नागभीडला कमलाआत्याकडे पाठवला. म्हातारीचा लगेच फोन आला. "विहार चुकला तुहा. तो बोडीच्या पल्याड होता. आन् मोह सात होते, वं."

सातवा मोह माधवीला काही केल्या आठवेना. तो कुठे उभा होता, हे विचारायला ती येत्या रविवारी नागभीडला जाणार आहे.